खऱ्या खवल्यांचा मासा

७ ऑगस्ट
कात्र्या, कर्कटकं, सगळं जप्त केलं. चौथीतल्या सोहमनं कागदी शार्कच्या जबड्यात कर्कटक बसवलं अन् शेजारच्याच्या दंडात खुपसलं. रक्त. मी सोहमले एक ठेवून दिली. हेडबाई गावंडे मॅडम म्हणे, "तुमाले भिंत रंगवायले ठेवलं, पोट्टे रंगवायले नाई." मंग घडीभरानं त्याच म्हणे, पंधरा ऑगस्टलोक राहा, पोट्ट्यांकडून मासे करून घ्या, 'आपला तलाव' असं प्रदर्शन लावू. दहावी नापासाले सर म्हणतात इथं. कारंजा गावातल्या दुकानाची पाटी अर्धीच रंगवून आलो, पडू दे.

९ ऑगस्ट
पत्रावळीचे मासे. भेंडीच्या ठशाचे मासे. सगळे एकमेकाले खाऊन राह्यले. नुसता पोहणारा मासा एकाच्याही कागदावर नाई. "सर, याचं आतडं बाहेर काढू का?" काढ. लाल रंग पहिले संपला.
तिसरीतली वैष्णवी माह्या माशावर बोट फिरवून म्हणे, "तुमचा साबणासारका हाये. खवले कुठी हायेत?"
म्हटलं, आण मंग.

११ ऑगस्ट
आणले. पिशवीभर. रोहूचे, एकेक रुपयाएवढा. मिठाच्या पाण्यात धुतले, पत्र्यावर वाळवले, हळदीत, बिटात, निळ्या शाईत बुडवले. वाळले की काच. हातभर पुठ्ठ्यावर शेपटीकून चिकटवत आलो, कौलं घालतात तसं. पोट्टे एका हातानं नाक धरून, दुसऱ्यानं चिकटवून राह्यले. सोहम सगळ्यात पुढं.
डोळ्यासाठी शिंपला पाहायले तलावावर गेलो. तिथं पाणकावळा पाहत बसलो. शाळा सुटून गेली. शिंपला राह्यला.

१५ ऑगस्ट
पाहुणे नानासाहेब. तलावाचा ठेका त्यांचा. वैष्णवीचा बाप गजानन त्यांच्याच नावेवर रोजानं. पावसाळ्यात जाळं टाकायची मनाई, त्यात नानासाहेबांनी यंदा माशाचं बीज सोडलेलं. हे मले मागून कळलं. तवा मी फुगून उभा होतो.
नानासाहेब माशापुढं थांबले. एक खवला नखानं उचकटला, उजेडात धरला. "मोठा होता गा. चांगला तीन-चार किलोचा." मंग खाली बसले, वैष्णवीच्या गालाले हात लावला. "कोणं आणले बेटा इतके छान?"
"माह्या बाबानं! आणखी हायेत घरी."
त्यांनी टाळ्या वाजवल्या. मंग सगळ्यांनी. मीबी.

१६ ऑगस्ट
बोटं सुजली, अक्षर असंच येईन.
सकाळी तलावाच्या भिंतीवर गेलो होतो, काल राह्यलेला खडू-रंगाचा डबा धुवायले. तिघं. गजाननले पालथा पाडलेला. एक पाठीवर बसलेला, दोघं वल्ह्यानं हातावर. दुसरीकडं कुठीच नाई, हातावरच. "जाळं फेकतं काय बे? फेक. फेक आता!" गजानन ओरडूनबी नाई राह्यला. तोंडात माती.
मी दगड उचलला, पाठीवरच्याच्या कानावर घातला. कान फाटला. बरं वाटलं. खोटं कायले लिहू, लय बरं वाटलं. मंग वल्हं माह्यावर आलं, पहिले बोटांवर, मंग तोंडावर. समोरचे दोन दात गेले, एक गिळला वाटते.
जाताना एक म्हणे, "ओ चित्रकार, मालेगावची गाडी आठले असते. परत दिसला त तुह्या हातात ब्रश नाई राहणार."
ओळखतो तिघांले. काल झेंड्याखाली नानासाहेबांची जिलबी वाटून राह्यले होते.

१७ ऑगस्ट
वाशिम, दवाखाना. गजाननचे दोन्ही हात प्लास्टरनं पांढरे, कोपरापासून बोटालोक. हवालदाराले त्यानं सांगतलं, मोटरसायकलवरून पडलो. त्याच्यापाशी सायकलबी नाई. हवालदारानंबी विचारलं नाई.
मले हळूच म्हणे, "सर, तुमी निघा. तुमचं काय, आज इथं उद्या तिथं. आमाले त्याच पाण्यावर जगा लागते."
बरोबर हाये त्याचं.
वैष्णवी पलंगाखाली. कालपासून जेवली नाई. तिची माय शोभाबाई ओढायले गेली त तिले चावली. मलेबी चावली. मी फरशीवर आडवा झालो, तिच्या तोंडासमोर.
"म्याच सांगतलं ना?"
"खवले म्या मागतले."
"मंग तुमीच मारलं का?"
"मारणाऱ्यानं मारलं."
"मंग पोलिसले सांगा ना."

१८ ऑगस्ट
शाळेत मासा नाई. खिळा हाये. मॅडम म्हणे, "मले काही विचारू नका, माह्यी बदली करतीन." पिशवी भरली. आठची गाडी लागली, चढलो, खिडकी भेटली. तोंडातून अजून रक्त येते, खिडकीतून थुंकलो त खालचा माणूस शिव्या देऊन राह्यला. फाट्यावर उतरलो. काहून ते नाई माहीत. दोन तास तसाच बसलो, मंग मागं फिरलो.

१९ ऑगस्ट
ठाण्यात बाकावर.
हवालदार म्हणे, "एकाचा कान फाटला, तेबी लिहीन मी. समजते ना?" म्हटलं, लिहा.
"पत्ता?"
कारंजाची खोली गेली. घरच्यांनी कवाचं हाकललं.
"अबे, कोर्टाच्या तारखेचा कागद कुठी धाडू, झाडावर?"
मागून शोभाबाई. पोट्टीले घेऊन कवा आली, दिसलं नाई. "आमच्या घरचा लिवा."
"नवऱ्याले विचारलं का बाई?"
"नाई."
त्यानं तिच्याकडं लय वेळ पाह्यलं. मंग लिहिला.
आता चहाले गेला. आल्यावर नावं घेईन म्हणे, एकेक करून. दारातून नानासाहेबांची जीप दिसते. कानाले पट्टीवाला तिले टेकून तंबाखूचा खर्रा घोटून राह्यला. वैष्णवी माह्या बाजूले, पाय हलवत बसली, नजर त्याच्यावरच. त्यानं दोनदा मान फिरवली. हिनं नाई.
हवालदाराच्या चपला वाजून राह्यल्या.