पुढच्या सायकलवरून

शनि. १२ जुलै
चँडलरच्या घरून पहाटे अंधारात निघालो, दुपारी चारच्या सुमारास ड्युरँगोच्या वर डोंगरातल्या केबिनला पोचलो. सगळं ड्रायव्हिंग माझं. सुहासने लायसन्स परत केल्यापासून हे असंच चाललंय, तरी शेजारी बसून पायाने ब्रेक दाबतोच. नवरा पुण्याचा आहे, दुसऱ्याचं ड्रायव्हिंग पटणं रक्तातच नाही. घरी उन्हाची भट्टी पेटलेली, इथे उतरल्या उतरल्या स्वेटर शोधला.

सायकली गाडीच्या मागे बांधून आणल्या. डोळ्यांच्या डॉक्टर मार्चमध्ये सरळ बोलल्या होत्या. कडेचं बहुतेक गेलंय, मधलं नळीतून बघावं तेवढं उरलंय, आणि ती नळीही अरुंद होत जाणार. जे करायचंय ते या उन्हाळ्यात करून घ्या. सु.ने त्यातलं एकच ऐकलं. वरची धार.

वरची धार हे आमचं नाव, नकाशात काहीतरी वेगळंच आहे. झाडं संपल्यावर डोंगराच्या कण्यावरून जाणारा ट्रेल. एक सायकल मावेल एवढी वाट, दोन्हीकडे सुटे दगड आणि उतार. डोळे चांगले होते तेव्हा ऑफिसच्या मित्रांबरोबर एकदा केलाय त्याने. खाली येऊन मला फोन केला तेव्हा आनंदाने धड बोलता येत नव्हतं.

मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

रवि. १३ जुलै
आज फक्त जिलेबी. (वळणं वळणं म्हणून जिलेबी. सोपा ट्रेल आहे, जंगलातला.)

मी पुढे, पिवळं जॅकेट घालून. तो मागे. मी ओरडत जायचं: "मूळ! दगड! खाली! दाबून!" (दाबून म्हणजे ब्रेक.) तो 'हो' म्हणतो की पुढचं. सुरुवातीला इंग्लिशमध्ये करायचो, पण ट्रेलवर जो तो मागून 'लेफ्ट, लेफ्ट' ओरडत असतो, आणि सु. बिचारा प्रत्येकाच्या लेफ्टला वळायचा. मराठीत ओरडायला लागले तेव्हापासून या डोंगरात त्याच्यासाठी एकच आवाज. आपलं मराठी ऐकून लोक मात्र घाबरून बाजूला होतात. बरंच आहे.

चार वर्षांपूर्वीपर्यंत मी नागपूरच्या कॉलेजनंतर सायकलला हात लावला नव्हता. तीही लेडीज, पुढे टोपली. ईरा म्हणाली होती, "आई, यू विल डाय." नाही मेले. दोन्ही गुडघ्यांवर खुणा आहेत, बाकी ठणठणीत.

सोम. १४ जुलै
सु. पडला. फार नाही, कोपर सोलवटलं. ॲस्पेनची झाडी होती, ऊन-सावली-ऊन-सावली. त्यात त्याचं सगळंच जातं, सावलीत आंधळा, उन्हात आंधळा. मी "मूळ" म्हटलं होतं. त्याने 'हो'ही म्हटलं होतं. तरी गेला.

औषध लावताना त्याचं सुरू झालं. "म्हणून तर म्हणतो वर जाऊ. वर झाडं नाहीत, उजेड एकसारखा असतो. वर मला जास्त दिसतं."
मी म्हटलं, "आणि वर पडलास तर कोपर नाही सोलवटणार, तू सापडणार नाहीस."
"तू पुढे असशील ना."
हेच तर आहे बाप्पा! मी पुढे असणार. माझा एक शब्द उशिरा गेला तर?

ईराचा फोन आला डेन्व्हरहून. "जस्ट से नो, आई. ही विल लिसन टू यू." सगळ्यांना वाटतं सु. माझं ऐकतो. ऐकतो, म्हणूनच नाही म्हणवत नाही. माझ्या एका शब्दाने त्याचं हे कायमचं बंद होणार, आणि बंद करणारी मी.

बुध. १६ जुलै
आज मी एक वाईट गोष्ट केली.

खाणीच्या रुंद रस्त्याने झाडांच्या वर गेलो होतो, नुसतं उजेड बघायला. खरंच तो वर बरा चालवत होता. दम खायला थांबलो. तो म्हणाला, "बघ, सगळं दिसतंय मला, उगाच घाबरतेस." समोर कडा होता. रिकामा. मी बोट करून म्हटलं, "त्या बघ, डोंगरी शेळ्या! पांढऱ्या. त्या मोठ्या दगडाच्या खाली."

त्याने मान हळूहळू फिरवली, त्याची शोधायची पद्धत आहे तशी. मग चेहरा फुलला. "हो हो! दिसल्या. पिल्लूपण आहे का गं एक?"

मी म्हटलं, "आहे."

उतरताना माझा आवाज नीट निघत नव्हता. त्याने विचारलं घसा बसला का. हो म्हटलं. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि भीतीपण. दोन्ही एकदम.

गुरु. १७ जुलै
आजचा दिवस सायकलींना सुट्टी. केबिनची मालकीण जोआन दुपारी लाकडं ठेवायला आली. सत्तरीची असेल, जन्म इथलाच. सु. खुशीत तिला सांगायला लागला, काल कड्यावर शेळ्या बघितल्या, पिल्लासकट. ती म्हणाली, त्या कड्यावर? मी तरी तिथे कधी बघितल्या नाहीत, त्या पलीकडच्या खोऱ्यात असतात.

तो हसून माझ्याकडे वळला. "होत्या ना गं, अश्विनी?"

नाही बोलता आलं खोटं. "नव्हत्या," म्हटलं. मराठीत, म्हणजे जोआनला कळलं नसेल. पण चेहऱ्यावरून कळलं असावं, लगेच निघाली.

सु. आत गेला. 

शुक्र. १८ जुलै
सकाळपासून गडगडाट. बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. एका खोलीत दोघं, पळून जाणार कुठे.

"परीक्षा घेतलीस माझी," तो म्हणाला.
"घेतली. चुकलं माझं. पण तू दिसल्या काहून म्हणालास? सरळ म्हणायचं ना, नाही दिसत." रागात माझं नागपूर बाहेर येतं.
मला वाटलं होतं, म्हणेल तुझं मन राखलं. किंवा चिडेल. तो म्हणाला, "मी खोटं नाही बोललो. मला दिसल्या. अजून दिसतायत. डावीकडची खाली मान घालून होती."

मी उठून शेगडीत एक लाकूड सरकवलं.

मग तोच हळू बोलला. "म्हणजे आता मला जे दिसतं, तेही तू सांगितलेलंच असतं. माझं कुठलं आणि तुझं कुठलं, मला कळत नाहीये." इतक्या वर्षांत त्याला रडताना मी दुसऱ्यांदा बघितलं. पहिल्यांदा सासरे गेले तेव्हा.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, यापुढे तुला नसलेलं काही दाखवणार नाही, असलेलं लपवणार नाही. कबूल. तो म्हणाला, "मग उद्या वर चल. धारेपर्यंत तरी. तिथे उभं राहून ठरवू."
हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते?

शनि. १९ जुलै
उजाडताच निघालो, दुपारी वर विजा असतात म्हणून. खाणीच्या रस्त्याने खिंडीपर्यंत, अर्धं चालवत, अर्धं ढकलत. दोघांचे भाते फुललेले. खिंडीतून धार सुरू होते. आभाळ स्वच्छ होतं.

सु. हेल्मेट सारखं करत उभा राहिला. मला म्हणाला, सांग. मी सगळं सांगितलं. सुरुवात रुंद आहे. मग अरुंद. उजवीकडे बर्फाचा पट्टा उरलाय. डावीकडे काहीच नाही, दरीच. तो मान फिरवत बघत राहिला. मी श्वास धरून. एकदा पेडलवर पाय ठेवला त्याने. माझ्या घशाशी 'नको' आलंच होतं.

त्याने पाय काढून घेतला. सायकल गवतात आडवी केली आणि दगडावर बसला.
"तू जा."
"मी? वेडा आहेस का? मी तुझ्यासाठी शिकले हे."
"जा गं. मी ऐकतो. ओरडत जा."

वाद घालायला तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघून सायकलवर बसले.  मागे कोणी नव्हतं तरी ओरडत गेले, जेवढा जोर होता तेवढा: "दगड! खाली! बर्फ, उजवीकडे! दाबून! दाबून!" पलीकडच्या टोकाला पोचले, मागे बघितलं, त्याच्या जॅकेटचा केशरी ठिपका तिथेच. परत येताना पण ओरडले. वाटेत समोरून दोन पोरं आली, सायकली कडेला घेऊन थांबली माझ्यासाठी. काय वाटलं असेल त्यांना, कोण ही बाई.

सु.ने टाळ्या वाजवल्या. "ऐकू आलं. जवळजवळ सगळं." मग खाणीच्या रस्त्याने खाली. तो बराचसा चालतच आला, सायकलला धरून. हे शेवटचं होतं का, मी विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. जोआनच्या फाटकापाशी मात्र म्हणाला, पुढच्या वर्षी तू ईराला घेऊन ये वर. स्वतःचं नाव नाही घेतलं.

रवि. २० जुलै
उद्या निघायचं. बॅगा भरून झाल्या. पोर्चवर बसलेय. अंग अंग दुखतंय.

मघाशी शेजारी बसला होता. म्हणाला, "काल मधल्या वळणाला तू गप्प झालीस. बराच वेळ. मला वाटलं गेलीस. उठून उभा राहिलो, ओरडणार होतो. फार अवघड होतं का तिथे?"

मी म्हटलं, "वाऱ्याने ऐकू आलं नसेल."

शुक्रवारचं कबूल केलेलं दोन दिवसही टिकलं नाही.

अवघड नव्हतं. तिथे वाट जरा उतरते आणि आपोआप वर घेऊन जाते. ब्रेक सोडून दिले मी. समोर एकामागे एक डोंगर, खाली निळं तळं, आणि सायकल अशी पळत होती की मी मोठ्याने हसले. ओरडले नाही कारण आठवलंच नाही. मागे कोणी आहे, कोणासाठी ओरडायचंय, काही नाही. चार वर्षांत पहिल्यांदा सुहास माझ्या डोक्यात नव्हता. आणि मी इतकी, इतकी खूश होते. हे कसं सांगू त्याला? आणि तो तिथे दगडावर उठून उभा राहिलेला, मी दरीत गेले समजून.

माझं उत्तर ऐकून उठला. म्हणाला, "वारा नव्हता गं." चिडून नाही. आत गेला, चहा ठेवला. कपाटं चाचपून साखर शोधत होता, मी उठले नाही, त्याला आवडत नाही.

आता दोन कप घेऊन आलाय. एक माझ्या हाताला लागेपर्यंत पुढे केला. समोर बसलाय. काही विचारत नाही, पण उत्तरासाठी थांबलाय.