त्रेसष्टाव्या वर्षी दोन रेघा

तीर्थरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुझा रक्तदाब, भावोजींचा खोकला आणि तुमच्या शेजारणीचं तोंड, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (पहिल्या दोन्हींवर निदान औषध आहे.)

शस्त्रक्रियेनंतरही माझ्या पोटात कॅन्सरच्या गाठीचा थोडा अंश मागे राहिला, इथवर तुला ठाऊक आहे. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण आमच्या घरात फोनवर बोललेलं अख्ख्या गल्लीला कळतं. तर ऐक. ही गाठ म्हणे एक हॉर्मोन तयार करते, आणि तो तोच, जो बाईला दिवस गेले की तयार होतो. चाळीस वर्षं सुईण म्हणून तू ज्याच्या जोरावर घरोघर गोड बातमी दिलीस, त्याचं माझ्यासारख्या म्हाताऱ्या शिंप्याच्या पोटात काय काम? आमच्या डॉक्टरीणबाईंनी (वयाने सुनेएवढ्या, पण बोलू लागल्या की मी पाय जवळ घेऊन बसतो) समजावलं, की हा हॉर्मोन शरीराला सांगतो, आत कोणी आलंय, त्याला हात लावू नका, वाढू द्या. गाठीने तीच बोली उचलली. म्हणजे ही बया माझ्या पोटात जावयाच्या थाटात राहत होती आणि माझंच रक्त तिची सरबराई करत होतं.

यावर त्यांनी लस काढली आहे. अजून तपासून पाहताहेत. गुण येईलच असं कोणी लिहून दिलेलं नाही, उलट माझ्याकडूनच आठ पानं लिहून घेतली. आता शरीर आपल्याच हॉर्मोनवर कशाला उठेल? म्हणून त्यांनी एका जंतूच्या विषाची नांगी मोडली आणि हा हॉर्मोन त्याला जोडून दिला. शरीर विषावर खवळतं, आणि त्याच्या गळ्यात गळा घालून आलेल्यालाही ओळखून ठेवतं. ताई, जन्मभर कापडाला कापड जोडलं, पण असलं जोडकाम पाहिलं नाही. सुई टोचून झाल्यावर मी बराच वेळ स्वतःच्या दंडाकडे बघत बसलो. कुणीतरी हे बसून शोधून काढलं, या विचाराने मला भरून आलं.

पण तिसऱ्या सुईनंतर मला दम निघेना. लस लागू पडली का ते घरीच बघू म्हणून मी दिवस गेल्याचं कळणारी पट्टी आणली. (दुकानदाराने अभिनंदन केलं. मी आभार मानले.) दोन रेघा आल्या. नमुना म्हणून कापडाचा तुकडा मापांच्या वहीत टाचायची माझी सवय तुला माहीत आहे. त्याच सवयीने पट्टीही टाचली, समोर उघडं होतं त्या पानावर. पान होतं सुनेच्या कोटाचं आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कंबर दोन इंच सैल.' ते बायकोच्या हाती लागलं.

मी दुकान बंद करून येईतो सुनेला उशांच्या राशीत बसवलेलं, मुलाने तिच्या माहेरी फोन केलेला. ती बिचारी नाही नाही म्हणत होती, पण तिचं ऐकतो कोण. शेवटी मी खाकरून म्हणालो, "ती पट्टी माझी आहे."

आधी सूनच हसली, इतकी की तिला उचकी लागली. मग मुलगा हसला. बायको मात्र हसली नाही. तिने पट्टी पुन्हा हातात घेतली आणि हळूच विचारलं, "म्हणजे अजून वाढतंय आत?" मी पट्टी तिच्याकडून घेऊन खिशात घातली, डॉक्टरीणबाईंना दाखवायला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्यावर चांगल्याच उखडल्या. ती पट्टी या कामाची नव्हेच, लस लागू पडली का ते रक्त सांगेल, म्हणाल्या आणि दोन नळ्या रक्त घेतलं. बाकी सर्व ठीक. भूक लागते, झोप येते. काळजी नसावी.

तुझा धाकटा

ता. क. : रक्ताचा रिपोर्ट गुरुवारी मिळणार. इथे तो कुणी वाचला तरी तोंडावर आधी दिसेल. तू हजारो बायकांना 'आहे' आणि 'नाही' एकाच आवाजात सांगितलंस. मला त्या आवाजात ऐकायचंय. बुधवारी पोचशील असं निघ.

ता. क. दुसरा : दार मीच उघडीन. नाही उघडलं, तर आत बसून घाबरतोय असं समज, आणि सरळ आत ये.