पिवळा कागद

९ डिसेंबर

पाचवा पंप आपल्याच गच्चीवर! प्रोजेक्टच्या गाइड संचिता मॅडमना आधी पटत नव्हतं. "स्वतःच्या घराची हवा स्वतः मोजू नये, भावना. मन आड येतं." मी म्हटलं, मॅडम, पंपाला कुठे मन असतं? हसल्या आणि सही केली.

केमिकल कंपन्यांच्या बाजूला दोन, ठाकुर्लीत एक, वर्तकनगरला नयनदादाच्या बाल्कनीत एक आणि हा खाडीकाठचा. पंप चोवीस तास हवा ओढतो, हवेतली बारीक धूळ रंग लावलेल्या कागदी चकतीवर बसते. धुळीत तेजाब असेल तर चकती लाल, नसेल तर पिवळीच राहते. मधलं काही असलं की नारिंगी. रोज सकाळी बदलायची, मोबाईलवर फोटो काढायचा, रंगांच्या पट्टीशी ताडायचा, वहीत नोंद करायची. झालं.

११ डिसेंबर

आईचा खोकला थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, "जागा बदला, इथली हवा यांना सोसत नाही." दादाला तेवढंच हवं होतं. लगेच फोन — "दिपिकाने खोली रिकामी केलीये, रविवारी न्यायला येतो."

आईचं एकच. "मना नाय जावाचा. ह्यो माझा घर हाय. तिथं तिसऱ्या माल्यावर सुकट कुठं सुकवू?" बाबा गेले, होडी विकली, त्याला तीन वर्षं झाली. आता तिचं म्हणावं असं काय उरलंय? हे घर आणि बाजारातली ती सुक्या मासळीची जागा.

शेवटी तिनेच तोडगा काढला. गच्चीकडे बोट करून म्हणाली, "तुजा कागुद लाल झाला का मी जाईन. पिवला राहिला तं कोनी बोलाचा नाय." दादा कबूल. मीही. बरंच झालं — आरडाओरडा नको, रडारड नको, काय ते रंगच सांगेल.

१२ डिसेंबर

नारिंगी. त्यातही लालसर. आई माझ्या मागेच उभी होती. म्हटलं, अगं एका दिवसावरून काही ठरत नाही, दोन महिने बघायचंय.

१४ डिसेंबर

परत नारिंगी. आणि पाच ठिकाणी धावता धावता माझा जीव जातोय! आई म्हणाली, "आपल्या गच्चीवरची मी काढून ठेवत जाईन, तू आंघोळ कर." तिला दाखवलं — चिमटा कसा धरायचा, चकती डबीत कशी ठेवायची, नवी कशी बसवायची. मासे साफ करणारे हात ते, एकदा बघून आलं तिला.

१५ डिसेंबर

पिवळी! शाब्बास म्हटलं माझ्या असिस्टंटला. लाजली चक्क.

२० डिसेंबर

सलग सहा पिवळ्या. कंपन्यांच्या बाजूच्या दोन्ही कोकमासारख्या लाल, वर्तकनगर नारिंगी. दादाला फोटो पाठवला — तुझ्या बाल्कनीपेक्षा आईची गच्ची बरी! त्याने साधा अंगठासुद्धा पाठवला नाही. मजा आली.

३ जानेवारी

आईला जिना चढताना दोनदा बसावं लागतं. तरी चकती काढायला वर जातेच. मी जाते म्हटलं तर रागावली.

चकती पिवळीच. म्हणजे हवा नाही, दुसरंच काही. डॉक्टरांनी सुकट सुकवणं बंद करायला सांगितलं — वास, भुकटी. आजपासून गच्ची रिकामी. उरलेली सुकट टोपलीत भरून ओट्याखाली ठेवली.

मॅडमना विचारलं, शेजारी सगळं नारिंगी-लाल आणि आमच्याकडेच पिवळं कसं? "खाडीचा वारा असेल. पण तपासून बघ." पहिलं वाक्य मला पुरलं.

१० जानेवारी

दादा गाडी घेऊन आला. न कळवता.

"तिचा श्वास ऐक जरा, भावना. तो कागद ठेव बाजूला."

मी सगळे फोटो त्याच्यापुढे धरले. सत्तावीस दिवस, सत्तावीस पिवळ्या. आणि वर म्हणाले, "यातलं तुला कळतं का मला?" असं म्हणाले मी! मोठ्या भावाला.

आई दारात, पदर तोंडाला लावून. "बरोबर बोलतं पोरगी. ठरलेला तसा ठरलेला." दादा चहा न घेता गेला. मला वाटलं, जिंकले.

१७ जानेवारी

पिवळी. आई बसून झोपते आता.

२८ जानेवारी

सकाळी डबी माझ्या हातात दिली आणि ओट्यापाशी खाली बसली ती उठलीच नाही. ओठ निळे. मंजुळाकाकी शेजारून धावत आली, आम्ही दोघींनी उचलून रिक्षात घातलं. आता ठाण्याला, दादाच्या घराजवळच्या हॉस्पिटलमध्ये. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरांना विचारलं, घरी कधी नेऊ? "त्या घरी नको."

३० जानेवारी

आईचे कपडे घ्यायला घरी आले. पंप चालूच होता. चकती मी स्वतः काढली.

लाल. कंपन्यांच्या बाजूसारखी लाल!

डबी उघडीच ओट्याखालच्या टोपलीवर ठेवली आणि लुगडी भरायला गेले. परत येऊन बघते तर चकती कडेने पिवळी होत होती. तिथेच फतकल मारून बसले. अर्ध्या तासात पूर्ण पिवळी.

सुकटीतून अमोनियासारखा वायू सुटतो, तो तेजाब मारतो. हे अकरावीतलं पोरही सांगेल. आणि मी पंप ठेवला कुठे, तर आईच्या सुकटीच्या शेजारी! तिला हाताने धरून त्या हवेत बसवून ठेवलं मी.

३१ जानेवारी

मॅडमना सांगितलं. "वही घेऊन ये," एवढंच म्हणाल्या. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आता काय त्याचं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी

आईला सांगितलं. लपवणं जमेना. आई, हवा खराबच होती, सुकटीमुळे चकती पिवळी व्हायची, माझ्या लक्षात आलं नाही, माझं चुकलं गं.

तिने मास्क बाजूला केला. "तुजा काय नाय चुकला." परत लावला. मग माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काहीतरी बोलायचं होतं तिला. नर्स रागावली, मास्क काढू नका म्हणाली.

१२ फेब्रुवारी

आई गेली. सकाळी साडेनऊला.

२५ फेब्रुवारी

तेरावं झालं. दादा आणि दिपिकावहिनी वर्तकनगरला परत गेले. मॅडमसाठी वही नीट लिहायला बसले — कुठल्या दिवशी गच्चीवर किती सुकट होती.

जुळत नाही. ३ जानेवारीपासून गच्चीवर सुकट नव्हतीच! टोपली खाली, पंप वर. मग पुढच्या पंचवीस चकत्या पिवळ्या कशा? चारदा तपासलं. नाहीच जुळत.

२६ फेब्रुवारी

मंजुळाकाकीला सहज विचारलं, आई सकाळी गच्चीवर काय काय करायची गं?

"तुना ठाव नाय? ती डबी खाली आनायची, सुकटीच्या टोपलीत ठेवायची. एकदा चुकून ठेवलेली तं पिवली झालेली, मंग रोजच. मी बोलली, सगुना, पोरीला फसवतंस? तं बोलली, मना ह्यो घर नाय सोडाचा."

रोज सकाळी डबी हातात घेताना मी तिला शाब्बास म्हणायचे.