दुकानाला नाव मायाचंच

४ मे २००८, रविवार

आजपासून रोजनिशी. शेजारच्या टेकचंदने डायरी फुकट दिली. पहिले चार महिने कोरेच गेले, पण हरकत नाही. मोठ्या लढ्याची नोंद कुठूनही सुरू करता येते.

लढा असा. अंबरनाथला हायवेवर 'ट्रेल बझार' उघडलंय. तीन मजले. टेंट, सॅक, रेनकोट, बूट, टॉर्च, डोंगरात लागणारं सगळं. गेटवर हवा भरलेला बूट, रिक्षापेक्षा मोठा. एसी असा की रेनकोट घ्यायला आलेला माणूस स्वेटर घेऊन जाईल. (आत गेलो नाही. दारातून अंदाज घेतला.)

आणि इकडे उल्हासनगर कॅम्प दोनला माझं 'माया ट्रेकर्स अँड ताडपत्री'. आधी नुसतं 'ताडपत्री' होतं. मुंबईची पोरं बदलापूरच्या डोंगरात यायला लागली तेव्हा 'ट्रेकर्स' मी घातलं. दूरदृष्टी. माया म्हणजे बायको. पडद्यामागे शिलाई मशीन आहे, तिथे ती सॅक शिवते, चेन बदलते, फाटलेले टेंट सांधते. लग्न झाल्यापासून. गल्ला आणि धोरण माझ्याकडे.

टेकचंद छत्र्या आणि गमबूट विकतो. म्हणाला, प्रमोदभाई, अपना तो बैंड बज गया. मी म्हटलं, घाबरू नका, मी बसलोय.

संकल्प: रोज सकाळी लवकर उठून घराजवळ हेंद्रेपाड्यात एक पायी फेरी. नंतर ट्रेल बझार बंद पाडणे.

७ मे

फेरी उद्यापासून.

शत्रूचं दुखणं सापडलं. पगार! असल्या मोठ्या दुकानांत स्टाफला दिवसभर राबवतात आणि हातावर चिंचोके ठेवतात. हे एकदा लोकांना कळलं की लोक लाजेने तरी लोकल दुकानात येतील. मायाला सगळं नीट समजावलं. ती मशीन चालवत ऐकत होती. म्हणाली, किती देतात ते? मी म्हटलं, तेच तर शोधायचंय. म्हणाली, आणि आपण किती देतो? मी म्हटलं, आपल्याकडे नोकरच नाही, देणार कुणाला? यावर तिने मशीन जोरात चालवली. पटलं.

शिवाय दुकानाला नाव मायाचंच आहे. बोर्डावर हातभर अक्षरं, रात्री लाइट लागते. अजून काय पाहिजे माणसाला.

१२ मे, दुपार

लोडशेडिंग. अंधारात डोकं चांगलं चालतं.

ट्रेल बझारच्या दारावर कागद लागलाय: स्टाफ पाहिजे, लेडीजना प्राधान्य. मायाने जायचं. नोकरी धरायची, आतली सगळी माहिती काढायची आणि पंधरा दिवसांत बाहेर पडायचं. गुप्तहेर! मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, मशीनवर काम पडलंय म्हणेल. तिने ऐकलं, दोरा तोडला आणि मशीनवर कव्हर घातलं. विचारलं, कधी जाऊ?

एवढी निष्ठा आजकाल बघायला मिळत नाही.

१६ मे

घेतलं तिला. सॅक विभाग. टी-शर्टवर छोटी पट्टी, इंग्लिशमध्ये 'माया'. आरशात बघत होती. मी म्हटलं, शाब्बास, शत्रूच्या गोटात शिरलीस. म्हणाली, काळे बूट लागतात, तुमचे जुने होतील का.

२ जून

माहिती आली. भयंकर आहे.

महिन्याला फक्त चौतीसशे. त्यातून पीएफ कापतात. आठवड्याला एकच सुट्टी. जेवायला फक्त अर्धा तास. दिवसभर उभं राहायचं, अख्ख्या मजल्यावर स्टाफला एक खुर्ची नाही. माया कोमट पाण्यात पाय बुडवून सांगत होती. घोटे सुजलेत. मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, आठवड्याला एकच सुट्टी देतात, काय माणसं आहेत! म्हणाली, एक तरी देतात. थकलीय म्हणून असं बोलते.

अर्ध्या महिन्याचा पगार झाला. पुरावा म्हणून मी मागितला. तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. तिथेही सुरक्षितच आहे.

६ जून

पत्रक छापलं. दोन हजार प्रती. मजकूर माझा. वर मोठ्या अक्षरांत: 'बंधूंनो, ही पिळवणूक बघा!' खाली: पगार फक्त ३४००. पीएफ कापतात. आठवड्याला एकच सुट्टी. जेवणाला फक्त अर्धा तास. शेवटी: 'लोकल दुकान, आपलं दुकान.' आणि खाली माझं नाव. गैरसमज नको म्हणून ट्रेल बझारचा पत्ता आणि फोन नंबरही टाकला.

कॅम्प एक, कॅम्प दोन, विहारासमोर, सगळीकडे वाटली. एका वडापाववाल्याने पन्नास प्रती मागून घेतल्या. वडे बांधायला, हे नंतर कळलं.

११ जून, रात्री

ऐतिहासिक दिवस. टेकचंदच्या माळ्यावर व्यापाऱ्यांची सभा. 'लोकल दुकान बचाव समिती'. अध्यक्ष मी. पाऊण तास बोललो. खाली सगळ्या दुकानांचे सेल्समन जिन्यात उभे राहून ऐकत होते. चहा गार झाला तरी हलले नाहीत. टेकचंदचा जनू तर पंधरा-वीस वर्षांचा जुना माणूस, त्याने पत्रक परत परत वाचलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, शेठ, हे पीएफ म्हणजे काय असतं? मी सविस्तर सांगितलं. मालकालाही तेवढेच पैसे भरावे लागतात, हेसुद्धा सांगितलं. म्हणाला, अजून तीन कॉपी द्या, भावांना दाखवतो.

जागृती अशी खालून वर येते.

१३ जून

सकाळी टेकचंद शटरवर हात आपटत आला. जनू आला नाही. समोरच्या चपलवाल्याचे दोघे आले नाहीत. कोपऱ्यावरच्या बॅगवाल्याकडे तर शटर उघडायलाच कोणी नव्हतं. सगळे ट्रेल बझारच्या गेटवर, लाइनमध्ये. हातात माझं पत्रक. जनूने म्हणे वॉचमनला पत्रक दाखवून विचारलं, इथे चौतीसशे लिहिलंय, पक्के देता ना?

मी टेकचंदला विचारलं, जनूला तुम्ही किती देत होता? तो एकदम मवाळ झाला. म्हणाला, साईं, उसको क्या देना, वो तो घर का आदमी था. मग पुन्हा तापला. म्हणाला, मैंने जिंदगी में पहला आदमी देखा जिसने दुश्मन की भरती का पर्चा अपने पैसे से छपवाया.

तात्पुरती गोष्ट आहे. अर्धा तास जेवणाला कंटाळून चार दिवसांत परत येतील.

१५ जून

मायाला म्हटलं, मोहीम पूर्ण झाली, आता राजीनामा दे. म्हणाली, एक पूर्ण महिन्याचा पगार तरी हातात येऊ दे, अर्धवट पुरावा काय कामाचा. मुद्दा बरोबर आहे. पंधरा दिवस अजून.

२४ जून

पाऊस सुरू, सीझन सुरू. रोज कोणीतरी तुटलेली चेन घेऊन येतं. मशीन मला येतेच, बघून बघून. आज एक टेंट सांधायला बसलो. निम्मं झाल्यावर लक्षात आलं, माझ्या शर्टाची बाही टेंटला शिवली गेलीय. तेवढ्यात लाइट गेली. कात्री सापडेना. ती कुठे असते हे मायाला माहीत. अंधारात टेंट अंगावर घेऊन तसाच बसून राहिलो. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. पडद्याआडून सांगितलं, मालक बाहेर गेलेत.

एक गोष्ट फक्त इथेच लिहितो. मशीनचा आवाज नसला की दुकान फार शांत वाटतं. इतकी वर्षं मला तो आवाज ऐकू आला होता असंही नाही.

६ जुलै, रविवार

ट्रेल बझारची आतून पाहणी केली. अध्यक्ष म्हणून गरजच होती. टोपी घालून गेलो. डोक्याला लावायचा टॉर्च घेतला, तिथेच लावून बघितला. माल कमी दर्जाचा आहे हे सिद्ध करायला घ्यावाच लागला. स्टाफच्या घरच्यांना दहा टक्के सूट आहे, ती घेतली. तत्त्वाचा प्रश्न वेगळा.

निघताना शिफ्ट सुटली. मागच्या दाराशी स्टाफची लाइन. एक गार्ड बाई एकेकीची पर्स उघडून बघत होती. माया आली. तिने दोन्ही हात बाजूला करून धरले. गार्डने पर्स बघितली, खिसे चाचपले, डबा उघडून आत बघितलं. डबा रिकामा होता. मायाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रोजचंच असावं.

पुढे होऊन बोलणार होतो की ही माझी बायको आहे, हिच्या नावाचं स्वतःचं दुकान आहे. पण मी टेंटच्या मागे उभा होतो आणि डोक्याला टॉर्च होता. तो चालूच राहिला होता.

रात्री तिला म्हटलं, सोड ती नोकरी, अपमान आहे हा. तिने विचारलं, कसला? मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथे गेलो होतो हे कळलं असतं.

२२ जुलै

आज मायाची सुट्टी. ती सकाळी दुकानात आली! मी ओळखलंच होतं, परत येणार. खुर्ची पुसून दिली. ती सरळ पडद्यामागे गेली. म्हणाली, ही मशीन मी घरी नेते, कॉलनीतल्या बायका शिवायचं विचारतात, सुट्टीच्या दिवशी करीन. किती पैसे द्यायचे? मी हसलो. म्हटलं, वेडी आहेस का? घरच्या माणसात कसले आलेत पैसे!

म्हणाली, बरं.

बाहेर टेम्पो उभाच होता. गाडीवाल्याला मशीन चढवायला मीच हात लावला.

१९ ऑगस्ट

समितीच्या अध्यक्षपदावरून मी स्वतःहून मुक्त झालो. ठराव टेकचंदने मांडला. सगळ्यांचे हात एकदम वर गेले, यावरून माझ्या निर्णयाबद्दल किती आदर आहे ते दिसलं.

नवीन अध्यक्षांचा पहिला निर्णय: टिकून राहिलेल्या सेल्समनना आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे लढा मी जिंकला. माझ्याकडे बघून मात्र कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गिऱ्हाईक येतं, विचारतं, चेन बसवणाऱ्या ताई आहेत का? नाही म्हटलं की जातं. आज एकाने सांगितलं, अहो, त्या तिकडे बझारमध्ये असतात, खूप चांगल्या आहेत. मला पत्ताही समजावून दिला.

१ सप्टेंबर

मायाचे सुरुवातीचे तीन महिने कधीच संपले. पर्मनंट करणार होते. केलं नाही. परत तीन महिन्यांचा कागद, पगार तोच. जनूचंही तसंच होणार म्हणे. ती कागद हातात घेऊन खिडकीपाशी बसली होती.

मला आतून आनंद झाला, खोटं कशाला लिहू. म्हटलं, बघितलंस? मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, पिळवणूक आहे. चल परत, आपलं दुकान आहे. माया म्हणाली, तिथे कमीच देतात, मला कळतं. पाय दुखतात, पर्स तपासतात, सगळं कळतं. पण देतात हो. पहिल्या पगाराची मी चप्पल घेतली, कोणाला न विचारता.

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी विचारलं, कितीची घेतली?

ती झोपायला गेली.

२८ सप्टेंबर

दुकान टेकचंदला गोडाऊन म्हणून भाड्याने दिलं. हंगामी व्यवस्था. दिवाळीनंतर नव्या जोमाने उघडायचं, धोरण डोक्यात तयार आहे. बोर्ड काढायला माणूस आला होता. 'माया' सुटता सुटेना, मी फार पक्कं बसवलं होतं. 'ट्रेकर्स' लगेच निघालं.

बोर्ड घरी आणला. कॉटखाली मावत नाही. भिंतीला टेकवून ठेवलाय, त्यावर माया टॉवेल वाळत घालते.

६ ऑक्टोबर

ट्रेल बझारमध्ये अर्ज केला. आतून लढायचं म्हणून. मॅनेजर कोवळा होता, पण सभ्य. म्हणाला, सर, मशीन येते? म्हटलं, धोरण येतं. म्हणाला, कळवतो.

१३ ऑक्टोबर

कळवलं नाही. मायाने आतून विचारून बघितलं. माझं पत्रक त्यांच्या ऑफिसात फळ्यावर लावलंय म्हणे. भरती त्यावरूनच झाली, म्हणून आठवण ठेवलीय. पण त्यावर माझं नाव वाचून त्यांनी अर्ज बाजूला ठेवला.

सध्या स्वयंपाक मी बघतो. हंगामी. मायाची फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे उठावं लागतं. मे महिन्यातला संकल्प अशा रीतीने पूर्ण झाला.

२० ऑक्टोबर

भाजी बरी जमायला लागलीय. काल वांगं करपलं तर माया डब्यात तीन पोळ्या पाहिजेत एवढंच म्हणाली. पुढे भांडी, कपडे, गव्हाचं दळण. दिवस कुठे जातो कळत नाही. संध्याकाळी पाय दुखतात. ओट्यापाशी बसायला खुर्ची नाही.

२४ ऑक्टोबर

आज हिंमत करून विषय काढला. म्हटलं, दिवसभर घरात राबतो, हातखर्चाला महिन्याला काहीतरी ठरवून दे. आठवड्यातून एखादी सुट्टीही असावी. माया मशीनवर कुणाची तरी सॅक शिवत होती. मशीन थांबवली. रागावली नाही, हसलीही नाही. पिशवीतून नवा स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. झाकणावर भांडीवाल्याकडून नाव घालून आणलंय, टिंबाटिंबांचं: प्रमोद.

म्हणाली, डब्याला नाव तुमचंच घातलंय. गेटवर गार्ड रोज डबा तपासते. आज झाकण वाचून विचारत होती, हा प्रमोद कोण? मी सांगितलं, घरचाच माणूस आहे.

मग तिने मशीन पुन्हा सुरू केली.

मी डबा उजेडात धरून बघितला. अक्षर चांगलं आलंय. उद्या फर्स्ट शिफ्ट. भेंडी आत्ताच चिरून ठेवतो.