वाळू चिकटलेलं पोलाद

नांदेड,
२ सप्टेंबर २००४

ती. भाग्यलक्ष्मीआक्कांस,
त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. माझे गुडघे माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही म्हणाल, चालल्याशिवाय ते बोलायचे नाहीत, म्हणून तो विषय सोडते.

मिलचं आमंत्रण आलं आहे. इंग्रजीत आहे, संदेशनं वाचून सांगितलं. इतकी वर्षं कुलूप लावून पडलेली आपली उप्पलची पोलादाची मिल कुठल्याशा ट्रस्टनं घेतली म्हणे. आता लोकांनी तिकीट काढून यायचं, जुन्या भट्ट्या बघायच्या, गाणंबजावणं ऐकायचं. दसऱ्याला उद्घाटन. त्यात तुमच्या भावाच्या नावानं कार्यक्रम ठेवला आहे. मला शालनारळ देणार आणि त्यांच्या लोखंडाला मी हार घालायचा.

संदेश विचारू लागला की लोखंडाला हार कशाला. पोरगा चोवीस वर्षांचा झाला, पण मी त्याला कधी नीट सांगितलंच नव्हतं. मग बसवून सांगितलं. तू पोटात होतास, बाबा लेडलमध्ये पडले, म्हणजे वितळलेलं पोलाद वाहून नेतात त्या मोठ्या घमेल्यात. हाताला काही लागलं नाही, अग्नी द्यायला काही उरलं नाही. त्या खेपेचं पोलाद कामगारांनी साच्यात ओतू दिलं नाही, विकू दिलं नाही. शेठजींनाही ऐकावं लागलं. मागच्या कडुनिंबाखाली वाळूचा खड्डा करून त्यात ओतलं. अर्धं जमिनीत, पाठ तेवढी वर. दर दसऱ्याला आयुधपूजेला फाटक उघडायचं आणि तुझी हैदराबादची आत्या आणि मी हळदकुंकू वाहून, जम्मीची, म्हणजे शमीची, पानं ठेवून यायचो, मिल बंद पडेपर्यंत. सगळं ऐकून तो म्हणाला, म्हणजे बाबा अजून तिथंच आहेत. मी हो म्हटलं.

आता खरी गोष्ट. संदेशचं लग्न जमलं. वसमतची मुलगी आहे. तुळशीच्या लग्नानंतर करायचं. पहिली पत्रिका मला त्यांच्यापुढं ठेवायची आहे. देवाला दुसरी चालेल.

तुम्ही एकदा जाऊन बघून याल का? ते कसे आहेत ते कळवा. गंज फार चढला असेल. कळवाल तशी मी तयारीनं येते.

तुमची माया आहे, तेवढ्यावर मी आहे.

आपली,
त्रिवेणी

*

नल्लकुंटा, हैदराबाद,
१३ सप्टेंबर २००४

चि. त्रिवेणीस अनेक आशीर्वाद.

भाच्याचं लग्न जमल्याचं मला गुडघ्यांनंतर आणि आमंत्रणानंतर कळलं. मुलगी किती शिकली आहे ते लिही. हुंडा घेतलास तर मी येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

मिल पाहून आले. उद्घाटनाआधीच तिकीट लावलं आहे, खिडकीवर माझ्याकडेही मागितलं. माझ्या भावाला भेटायला मी तिकीट काढणार नाही असं सांगितलं. आतला माणूस चमकून पाहू लागला. आपल्या मिलचे जुने स्टोअरकीपर अप्पाराव, आठवतात? ते आता तिकिटं फाडतात. त्यांनी सोडलं.

सगळं रंगवलं आहे. क्रेन निळी. भट्टीच्या तोंडात लाल कागद लावून मागून पंखा आणि दिवा सोडला आहे, म्हणजे जाळ दिसावा. गॉगल लावलेली तरुण मंडळी त्या जाळापुढे हात शेकत असल्याचे फोटो काढत होती. तू ज्या कँटीनमध्ये चपात्या लाटल्यास तिथे कॉफीचं दुकान आहे. लेडल पुढच्या अंगणात ठेवलं आहे. त्यात पाणी भरून कमळं सोडली आहेत. मी तिथून लवकर निघाले.

हिम्मतच्या नावाची पाटी आहे. लोखंड चौथऱ्यावर ठेवलं आहे. गंज नाही.

दसऱ्याला तिथे गर्दी होणार, भोंगे लावणार, बसायला जागा असेल असं दिसत नाही. तुझे गुडघे लक्षात घेता तू येऊ नयेस असं मला वाटतं. पत्रिका मला पोस्टानं पाठव.

संदेशला आशीर्वाद. त्याला मराठीत दोन ओळी लिहायला सांग, मोबाइलवरच्या नकोत.

तुझी हितचिंतक,
भाग्यलक्ष्मी

*

नांदेड,
२१ सप्टेंबर २००४

ती. आक्कांस,
त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

मुलगी बी.कॉम. आहे. हुंडा नाही. आता तरी याल.

आक्का, एवढ्या वर्षांत माझ्या गुडघ्यांची दया तुम्हाला कधी आली नाही. मिल बंद पडली त्या साली कॉलराच्या इंजेक्शनासाठी तुम्ही मला मलकपेठेपर्यंत चालत नेलं होतं, आणि रिक्षा मागितली तर मला नवाबाची बेगम म्हणाला होतात. त्याच तुम्ही आज गुडघे जपायला सांगता!

पत्र तीनदा वाचलं. गंज नाही असं लिहिलंत. उघड्यावर पडलेल्या लोखंडाला गंज नाही, हे कसं? चौथऱ्यावर ठेवलं, तर उचललं कसं? ते उचलायचं म्हणजे अख्खा खड्डा उचलायला हवा. आणि तुम्ही हात लावलात की नाही ते लिहिलंच नाहीत. दर दसऱ्याला हात लावायच्या आधी तुम्ही चष्मा काढून पर्समध्ये ठेवायचात आणि मी तिकडे पाहायची नाही. या वेळी काढलात का?

संदेश रोज विचारतो, बाबांकडं कधी जायचं. त्यानं नवा शर्ट आणला आहे. आमच्या भावानंही रजा काढली. दुसऱ्या कुणाला विचारलं तर माझ्या मनासारखं सांगतील. तुम्ही तसं करणार नाही म्हणून विचारते. ते तेच आहेत ना?

तुमचीच,
त्रिवेणी

*

नल्लकुंटा, हैदराबाद,
३० सप्टेंबर २००४

चि. त्रिवेणीस आशीर्वाद.

नाही. ते हिम्मत नाही.

मागच्या पत्रात गुडघ्यांचं कारण पुढे केलं, ते बरोबर नव्हतं. पितृपक्ष लागला आहे, अशा दिवसांत असलं पत्र लिहू नये असं शेजारच्या बाई म्हणाल्या. पण टाळलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

चौथऱ्यावर आहे तो साच्यातून निघालेला ठोकळा आहे. चौकोनी, वर निमुळता, कडा सरळ. पॉलिश करून वर चकाकी आणली आहे. हिम्मतचं पोलाद साच्यात गेलंच नव्हतं. वाळूत ओतलेलं, पाठ खडबडीत, तिच्यात वाळू आणि खडे रुतलेले. कुंकू लावताना तुझ्या बोटाला दर वर्षी ओरखडा उठायचा आणि तू तो घरी येईपर्यंत पुसायची नाहीस. हा ठोकळा मी हातानं चाचपला. तळहात गुळगुळीत राहिला. चष्मा काढला नाही.

अप्पारावांना बाजूला घेतलं. आधी म्हणाले, अम्मा, पॉलिशनं तसं दिसतं. मी म्हटलं की पॉलिशनं माणूस गोरा होईल, चौकोनी होणार नाही. मग बोलले. मिलचा लिलाव झाल्यावर भंगाराच्या ठेकेदारानं सगळं नेलं. कडुनिंब तोडला. ते पोलाद हलेना, म्हणून गॅसच्या कटरनं तुकडे केले. किल्ल्या अप्पारावांकडे होत्या, ते तिथेच उभे होते. त्यांनी ठेकेदाराला सांगितलं की यात आमचा माणूस आहे, याला हात नक्को लावू. तो म्हणाला की मियाँ, लोहे में गया सो लोहाच हुआ. तुकडे लॉरीत चढले. कुठल्या तरी भट्टीत वितळून त्याच्या सळया झाल्या असणार. स्लॅबच्या, खांबांच्या. कुठल्या ते विचारू नकोस. मी विचारलं, त्यांना माहीत नाही.

नंतर ट्रस्टची माणसं आली. माणूस पुरलेल्या पोलादाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. ते कुठे आहे असं त्यांनी विचारलं, आणि अप्पारावांनी भिंतीकडेला पडलेला एक ठोकळा दाखवला. का, असं मी विचारलं. म्हणाले, नाही म्हटलं असतं तर पाटीवर हिम्मतरावांचं नाव आलं नसतं, आणि खिडकीवर माझं. मी त्यांना खूप बोलले. ते ऐकून घेत राहिले आणि तिकिटं फाडत राहिले.

तिथली प्रमुख पुण्याची केतकी नावाची मुलगी आहे. तिनं कॉफी दिली, सगळं ऐकलं, डोळ्यांत पाणी आणलं. मग म्हणाली की तो ठोकळा आता प्रतीक झाला आहे आणि लोक गोष्टीशी जोडले जातात. मी सांगितलं की प्रतीकावर बसून पोरं आइस्क्रीम खातात. माझ्या भावाचं नाव तिथून काढा. पाटी छापून झाली आहे, उद्घाटनानंतर बघू, असं उत्तर मिळालं.

आता यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर मी स्टेशनवर असेन. नाही आलीस तर तिथे काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. संदेशला तू सांग. मी सांगितलं तर कठोर होईल.

तुझी,
भाग्यलक्ष्मी

*

नल्लकुंटा, हैदराबाद,
२४ ऑक्टोबर २००४

चि. त्रिवेणीस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. दसऱ्याला सकाळी दोन्ही गाड्यांना मी नामपल्ली स्टेशनवर उभी होते. आली नाहीस. बरं केलंस.

तिथून मी एकटी मिलमध्ये गेले. मंडप, ढोल, कुचिपुडी. माझी पांढरी साडी आणि पांढरे केस पाहून त्यांनी मला पहिल्या रांगेत बसवलं. थोड्या वेळानं निवेदकानं तुझं नाव पुकारलं आणि दोघींनी मला धरून व्यासपीठावर नेलं. मी तू नाही असं सांगेपर्यंत शाल माझ्या खांद्यावर आली होती. शाल काढून मी खुर्चीवर ठेवली आणि माइक घेतला.

घोकून गेले होते ते सगळं बोलले. हिंदीत बोलले, म्हणजे कळावं. मी त्याची बहीण आहे. माझा भाऊ इथे नाही. त्याला गॅसनं कापून भंगारात घातलं. हा ठोकळा कुणाचाच नाही. तुम्ही एका मेलेल्या माणसाचं नाव खोट्या लोखंडावर लावलं आहे, ते उतरवा. माझा आवाज कुठेही कापला नाही. चौतीस वर्षं मुलींना शिकवलेला आवाज आहे, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्रिवेणी. सगळ्यांनी. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे टिपले. निवेदक म्हणाला की ऐसी भावनाओं को सलाम, आणि ढोल सुरू झाले.

खाली उतरले तेव्हा ठोकळ्यापाशी अंबरपेठेच्या जुन्या कामगारांच्या बायका जम्मीची पानं घेऊन ओळीनं उभ्या होत्या. क्रेनवाल्या भगवंतरावांची बायको मी लगेच ओळखली. मी तिला अडवलं. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली की आक्का, आम्हालाही दिसतं हे ते नाही. पण आमच्या माणसांनी आयुष्यं इथं घातली, पानं ठेवायला दुसरी जागा कुठं आहे? तिनं पानं ठेवली. मी ठेवली नाहीत. माझी पानं घरी परत आली. टेबलावर वाळून पडली आहेत. टाकवत नाहीत.

पाटी तशीच आहे. मला ते जमलं नाही.

पत्रिका कुठे ठेवणार आहेस? पत्र लिही. शिव्या द्यायच्या असल्या तरी लिही.

तुझी,
भाग्यलक्ष्मी

*

नांदेड,
९ नोव्हेंबर २००४

ती. आक्कांस,
त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला शिव्या देईन एवढं शिक्षण तुम्ही मला दिलं नाही. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची, एवढंच झालं.

संदेशला दसऱ्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्यानं नवा शर्ट घडी करून कपाटात ठेवला आणि बाहेर गेला. संध्याकाळी आला तेव्हा त्यानं विचारलं की मामाचं हे घर कधी बांधलं. मी म्हटलं, मिलचा लिलाव झाला त्याच साली. मग सळया कुठून आल्या, असं त्यानं विचारलं. मी भावाला विचारलं. तो म्हणाला की हैदराबादहून लॉरी आली होती, तेव्हा तिकडचा माल स्वस्त पडायचा. संदेश वर स्लॅबकडे पाहत बसला. शेवटी मी त्याला जेवायला उठवलं.

ते इथंच असतील असं नाही. नसतील असंही नाही. शेजारच्या बंगल्यात असतील, दवाखान्यात असतील, वसमतच्या व्याह्यांच्या घरात असतील. ते एका जागी होते तेव्हा मी वर्षातून एकदा जाऊन यायची, बाकीचे दिवस माझे होते. आता तसं राहिलं नाही. आक्का, हसू नका, पण मी डोक्यावरून पदर घ्यायला लागले आहे. तुम्ही मोडलेली सवय. बँकेत गेले तरी पदर, मंगल कार्यालय ठरवायला गेले तरी पदर. संदेश आधी चिडवायचा की आई, कोणता सासरा आला. आता चिडवत नाही.

टेबलावरची पानं टाकू नका. लग्नाला येताना घेऊन या.

पत्रिका छापून आल्या. पहिली संदेशनंच घेतली. स्टूल ठेवून माळ्यावर चढला आणि स्लॅबला टेकवून उभी केली. तिच्यावर थोरल्या आत्या म्हणून तुमचं नाव आहे. बाबांचं नाव कसं छापायचं, प्रेसवाल्यानं विचारलं होतं. वर कैलासवासी लिहायचं का, असं. संदेश नको म्हणाला. नुसतं हिम्मतराव छापलं आहे.

तुमची वाट पाहते. स्टेशनवर संदेश येईल.

आपली,
त्रिवेणी