बाबांच्या मागची काच

प्रिय ताईस,

मी मजेत आहे, खोकलाही गेला. कामही बरं मिळालंय, जुन्या पुलाचं. तडा गेला असेल तिथे काचेची पट्टी चिकटवायची. तडा वाढला की काच फुटते आणि आम्ही पूल बंद करतो.

तू पाठवलेला बाबांचा फोटो उशाशी ठेवलाय. आपला खाडीवरचा पूल, मागे माड, कठड्याला टेकून बाबा हसतायत. त्याच कठड्यावर बसवून ते मला भरती दाखवायचे. गुडघा कसा आहे त्यांचा?

ताई, फोटोत त्यांच्या खांद्यामागे तशीच पट्टी दिसते, आणि ती फुटलेली आहे.

मुलांना शाळेत होडीनेच पाठव. 'चाळीस वर्षं ह्यावरूनच गेलोय' म्हणत बाबा हटून बसतील. त्यांना माझी शपथ घाल.

तीन दिवस तुझा फोन लागत नाहीये, म्हणून हे पत्र.

जीव टांगणीला लागलेला,
तुझा धाकटा