एक पुंगळी कमी

बाई,

काल मी पिस्तूल बघायला गेले होते. हो, मीच. तुमची नववी ब मधली, पहिल्या बाकावरची. आता मी टेक्सासात प्लेनोला राहते, पन्नाशी उलटली आहे, सकाळी उजवा अंगठा नीट वळत नाही, आणि नवरा महिन्यातले निम्मे दिवस कामासाठी दुसऱ्या शहरांत असतो. गेल्या महिन्यात शेजारच्या घराचं मागचं दार कुणीतरी दिवसाढवळ्या उचकटलं. घरात कुणी नव्हतं, टीव्ही आणि थोडे दागिने गेले, तेवढंच. पण तेव्हापासून नवऱ्याने धोशा लावला. "अगं, घेऊन टाक ना एक. इथे सगळ्यांकडे असतं. मी ट्रॅव्हल करतो तेव्हा मला टेन्शन येतं यार." मुलगी कॉलेजातून फोनवर खदखदून हसली. "आई, आर यू सीरियस? तू झुरळ बघून टेबलावर चढतेस. यू, विथ अ गन?" तिला काय माहीत, तिच्या आईचे पाच नेम एकदा रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसले होते. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. ते सांगायला गेलं की पुढचंही सांगावं लागतं.

दुकान हायवेला लागून आहे, शेजारी गाद्यांची शोरूम. आत काचेच्या कपाटात पिस्तुलं मांडलेली, सराफाकडे पाटल्या मांडतात तशी. काउंटरवर सत्तरीचा एक म्हातारा, कानात यंत्र, बोलणं एकदम संथ. "टार्गेट, ऑर प्रोटेक्शन?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "बोथ." तो म्हणाला, सगळ्यांना बोथच हवं असतं. मग त्याने तीन पिस्तुलं हिरव्या कापडावर ठेवली. एक बावीस बोअरचं, लांब नळीचं. धक्का जवळजवळ नाही, गोळ्या स्वस्त, कागदावर दिवसभर नेम मारत बसा. दुसरं नऊ मिलिमीटरचं, मध्यम, घरात ठेवायला लोक हेच नेतात. तिसरं पर्समध्ये मावेल असं चिमुकलं. माझा हात चिमुकल्याकडे गेला. तो म्हणाला, बायका आधी हेच उचलतात आणि फसतात. जितकं लहान तितका धक्का जास्त, आणि वरचा खटका ओढायला ताकद लागते, ओढून बघा. मी ओढला. अंगठ्याने साफ नकार दिला.

मग त्याने बावीसचं हातात दिलं. आणि बाई, माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. नळी भिंतीकडे गेली, बोट घोड्यापासून लांब, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकलेलं, आणि त्याने माझ्यासमोर रिकामं करून दाखवलेलं असतानाही मी ते पुन्हा उघडून आत डोकावले. म्हातारा बघतच राहिला. "हू टॉट यू?" त्याने विचारलं.

"नोबडी," मी म्हटलं.

एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल कुणी पहिल्यांदाच विचारलं, आणि मी हे उत्तर दिलं.  आपल्या कऱ्हाडच्या शाळेत मुलींची कॅडेट तुकडी तुम्ही उभी केलीत. गावातले लोक म्हणायचे, पोरींच्या हातात बंदूक देऊन ही बाई काय करणार आहे. तुम्ही खाकी साडीवर पट्टा आवळून, काळे बूट घालून बाजारातून सरळ चालत यायचात आणि कुणाला उत्तर देत नसायचात. मी एकदा रायफल हातात असताना मैत्रिणीशी हसायला वळले, तर तुम्ही झेंड्याच्या काठीने मनगटावर असा फटका दिलात की आठवडाभर वळ होता. "रिकामी रायफल म्हणून काही नसतं, पोरी. बोट बाहेर ठेव आणि डोकं जाग्यावर." तो वळ कधीच गेला. बोट मात्र अजून बाहेर आहे.

मग तो डिसेंबरातला दिवस. आगाशिवाच्या डोंगराखालचं मैदान, गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, ताडपत्रीवर आम्ही पाच-पाच जणी पालथ्या पडलेल्या. प्रत्येकीला पाच गोळ्या. माझी पाळी येते. तुम्ही माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आहात आणि हळूच म्हणता, "श्वास अर्धा सोड. घाई कुणालाच नाहीये." मी पाच वेळा घोडा ओढते. दर गोळीनंतर रिकामी पुंगळी टुणकन ताडपत्रीवर पडते, करंगळीच्या पेराहूनही लहान, पितळी, गरम. तुम्ही दुर्बीण लावून समोरचा कागद बघता आणि म्हणता, "शाबास." वर्षभरात तुमच्या तोंडून कुणी तो शब्द ऐकला नव्हता. मला त्या दिवसाचं काहीतरी जवळ ठेवावंसं वाटलं, दुसरं काही कारण नव्हतं. बुटाचे बंद बांधायच्या निमित्ताने मी एक पुंगळी मोज्यात सरकवली.

जितक्या गोळ्या झाडल्या तितक्या पुंगळ्या परत गेल्या पाहिजेत, हे तुम्ही आम्हाला दहादा सांगितलं होतं. मला ते माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पण बादलीभर पुंगळ्यांत एक, कोण बघतंय, असं वाटलं. रायफली घेऊन आलेल्या पलटणीच्या हवालदारांनी बघितलं. दोनदा मोजल्या, तीनदा मोजल्या, एक कमी. मग सगळ्या जणी गवतात. तुम्ही खाकी साडी खोचून गुडघ्यांवर बसलात आणि हाताने गवत विंचरत पुढे सरकत राहिलात, तासभर. गुडघ्यांना कुसळं टोचून रक्त आलं. मी तुमच्या शेजारी शोधत होते. नुसती उभी नव्हते, मीही शोधत होते, हे लिहिताना आज माझी मलाच किळस येते.

शेवटी हवालदार म्हणाले, "मॅडम, पोरींची झडती घ्यायला लागंल." तुम्ही उठलात, हात झटकलेत आणि म्हणालात, "माझ्या मुलींच्या खिशात कुणी हात घालायचा नाही. माझ्या मुली चोर नाहीत. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." तेव्हा माझ्या घोट्याला ती पुंगळी बोचत होती. एक पाऊल पुढे यायचं होतं. तेवढंच करायचं होतं.

आणि परत निघताना तुम्ही मला बाजूला बोलावलंत. मला वाटलं, आता संपलं. तुम्ही पिशवीतून घडी केलेला कागद काढलात, माझे पाच नेम असलेला. "हा हवालदारांना विचारून घेतला तुझ्यासाठी. घरी भिंतीला लाव. पोरींनी काही करून दाखवलं की ते भिंतीवर दिसलं पाहिजे." मला जे हवं होतं ते मला मिळणारच होतं, बाई. तासभर थांबायला हवं होतं फक्त.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चौकशी झाली, तुकडी तुमच्याकडून काढून घेतली. ज्यांच्याकडे दिली त्यांना कवायतीत गोडी नव्हती, दोन वर्षांत ती बंदच पडली. तुम्हाला शिवणाचे तास दिले. मशीनच्या सुईत दोरा ओवताना तुम्ही डावा डोळा मिटायचात, नेम धरताना मिटायचा तसा. मी खाली बघून टाके घालायचे. शिवणात मला तुम्ही कायम चांगले गुण दिलेत. माझे टाके कसे असायचे ते आपल्या दोघींनाही माहीत आहे.

काल दुकानाच्या मागच्या रेंजवर बावीसचं भाड्याने घेऊन मी पन्नास गोळ्या झाडल्या. श्वास अर्धा सोडून. नेम अजून बरा आहे. गंमत म्हणजे इथे पुंगळ्यांना कुणी विचारत नाही. जमिनीवर सगळीकडे त्याच, बुटांखाली चुरचुरतात, संध्याकाळी एक माणूस रुंद झाडूने लोटत नेतो. मी पिस्तूल खाली ठेवलं, उघडं, नळी पुढे, आणि माझं मलाच कळायच्या आत गुडघ्यांवर बसले. बावीसच्या तेवढ्या वेचून घ्यायला लागले. मागून रेंजवरचा मुलगा ओरडला, "मॅम! लीव्ह देम, मॅम, वी स्वीप इट." मी म्हटलं, "जस्ट अ मिनिट." माझ्या ओंजळीत सत्तेचाळीस आल्या. तीन सापडल्या नाहीत. सिमेंटवर दहा मिनिटांत माझे गुडघे दुखायला लागले, आणि तुमचा तो तास मला पहिल्यांदा अंगाला कळला.

म्हातारा म्हणत होता, प्रोटेक्शनसाठी नऊच घ्या. मी घरी येऊन नवऱ्याला फोनवर सांगितलं, बावीसच घेणार आहे, कागदापुरतं. मागच्या दाराला जाड कुलूप आणि लोखंडी पट्टी बसवू. तो म्हणाला, "अगं, पण वेळ आली तर स्वतःला वाचवणार कशी?" त्याला काय सांगू? स्वतःला वाचवणं मला फार चांगलं जमतं, बाई. चौदाव्या वर्षी हत्याराशिवाय जमलं होतं. पुढे तुम्ही उभ्या होतात आणि तुमच्या मागे मी सुखरूप होते.

अमेरिकेला निघायच्या आधी पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते, ते आठवतं? तुम्ही निवृत्त झाला होतात. स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत, थालीपीठ लावलंत, लोण्याचा गोळा ठेवलात. तव्याकडे बघतच तुम्ही म्हणालात, "ती एक पुंगळी कुठे गेली असेल गं?" इतक्या वर्षांनी. मी घास गिळला आणि म्हटलं, "तिथेच असेल बाई, गवतात कुठेतरी." तुम्ही म्हणालात, "मलाही तसंच वाटतं. गवत वाळलं की दरवर्षी एकदा जाऊन बघून येते. सापडली तर नेऊन देईन म्हणते. माझ्या मुलींनी घेतली नव्हती एवढं तरी कागदावर येईल." आणि माझ्या ताटात दुसरं थालीपीठ घातलंत. मी ते खाल्लं.

तुम्ही गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर कळलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली, मीही टाकलं.

शनिवारी पिस्तूल घ्यायला जाईन तेव्हा म्हाताऱ्याला सांगणार आहे, माझ्या शाळेतल्या बाईंनी शिकवलं म्हणून. सांगणार आहे असं आत्ता लिहिते आहे खरी, पण माझ्या सांगण्याचा तुम्हाला अनुभव आहे. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं तेही मला ठाऊक नाही. तुमच्या घराच्या जागी आता दवाखाना आहे म्हणतात. तुम्ही दिलेल्या त्या कागदातच घडी घालून ठेवीन. तो भिंतीला मी कधी लावला नाही.

एक राहिलं. ती पुंगळी माझ्याजवळ आहे आणि एक दिवस मी ती परत करीन, असं मी स्वतःलाही इतकी वर्षं सांगत आले. ती माझ्याजवळ नाही. चौकशीचे साहेब आले त्या दिवशी, मधल्या सुट्टीत, मी ती देवळामागच्या विहिरीत टाकली. निदान गवतात टाकली असती, तर तुम्हाला सापडली तरी असती.